पाणी आलंच नव्हतं

सगळी गल्ली त्याला सफेदी म्हणायची. रंगारी म्हटलं तर पैशाला पासरी मिळतात, पण भिंतीवरून तळहात फिरवावा आणि तो कुठेच अडकू नये, असं काम दिसलं की लोक न विचारताच म्हणायचे, हा सफेदीचा हात. माणूस अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. केसांत, भुवयांत, नखांच्या कडेला कायम रंगाचे ठिपके. त्यामुळे तो चाळिशीतच म्हातारा दिसायला लागला आणि साठी जवळ आली तरी तेवढाच म्हातारा राहिला. गर्व त्याला एकाच गोष्टीचा होता. तेलाचा असो, धुराचा असो, ओलीचा असो, त्याने घालवलेला डाग पुन्हा वर येत नसे. "डाग झाकायचा नसतो, मुळातून काढायचा असतो," हे तो ज्या तोऱ्यात सांगायचा तो तोरा मोठमोठ्या डॉक्टरांनासुद्धा जमत नाही.

घरात तो, बायको, मुलगा, सून आणि दादा. दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. बाप लवकर गेला तेव्हा दादाने शाळा सोडली, बसवर कंडक्टर म्हणून लागला आणि धाकट्याला वाढवलं. धाकट्याचं लग्न त्यानेच लावून दिलं. स्वतःचं मात्र "पुढच्या गाडीने करू" म्हणत राहून गेलं. नोकरी संपत आली आणि त्याच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून पुढच्या खोलीत, खिडकीला लागून त्याची खाट होती. डावा हात आणि डावा पाय कामातून गेले, जीभ मात्र ठणठणीत. खिडकीखालून जाणाऱ्या प्रत्येकाला त्याची हाक असायची, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे!" दूधवाला उशिरा आला की, "काय, वाटेत पंक्चर का?" गल्ली हसायची.

सफेदी रोज सकाळी दादाला उचलून बसवायचा, त्याचं अंग पुसायचा, दाढी करायचा आणि मगच शिडी खांद्यावर घ्यायचा.

"माझं तिकीट कधीच संपलंय रे," दादा त्याच्या कानाशी म्हणायचा. "तू फुकट वाहतोयस मला."

"गप बस. हनुवटी वर कर, कापेल."

एवढंच त्या दोघांचं प्रेमाचं बोलणं. एरवी दोघांनाही तसलं काही जमत नसे.

नदी गल्लीपासून चांगली लांब होती. खिडकीतून दिसतही नव्हती. म्हणून ज्या वर्षी पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा लोकांना ते नदीचं आहे हेच आधी पटेना. ते आलंही चोरासारखं, गटारांच्या झाकणांतून वर. बघता बघता गल्ली भरली, उंबरे बुडाले. सफेदी घरात होता. त्याने आणि मुलाने दादाची खाट उचलून रंगाच्या रिकाम्या डब्यांवर ठेवली. पाणी गादीच्या खालच्या शिवणीपर्यंत चढलं आणि तिथे थांबलं. दादा वरून म्हणाला, "डबल डेकर केलीत की रे!" सगळे हसले. घाबरलेली माणसं फार लवकर हसतात.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. चिखल काढला, गाद्या वाळत घातल्या. राहिली ती भिंतींवरची रेघ. प्रत्येक घरात, आत आणि बाहेर, मांडीच्या उंचीवर तपकिरी रेघ, दोरी धरून आखल्यासारखी सरळ.

त्या रेघेचं मोल काय ते लोकांना पुढे कळलं. शहराचा पूररेषेचा नकाशा जुना झाला होता आणि सरकारी कचेरीने तो सुधारायला काढला होता. तो कसा सुधारतात, हे गल्लीतला शिंपी स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारून आला. पाणी ओसरलं की मोजणीची माणसं दारोदार फिरतात. भिंतीवरची चिखलाची रेघ बघतात, तिची उंची दुर्बिणीतून मोजतात, घरातल्यांना विचारून त्यांचा जबाब घेतात. त्या सगळ्या उंच्या जुळवून कच्चा नकाशा होतो. तो ऑफिसच्या भिंतीवर टांगतात, लोकांचे आक्षेप ऐकतात, कुठे चूक निघाली तर दुरुस्त करतात आणि मग त्यावर शिक्का बसतो. ज्या वस्तीत वारंवार पाणी येतं ती लाल. जिथे क्वचित येतं ती पिवळी. बाकी सगळं पांढरं.

"आणि लाल झालो तर?" कोणीतरी विचारलं.

"तर आहे त्या घराला मरेपर्यंत टेकू लावत बसायचं," शिंपी म्हणाला. "नवी वीटसुद्धा चढवता येणार नाही. घर विकायला काढलं तर कुत्रं विचारणार नाही."

सफेदीला हे परवडणारं नव्हतं. त्याला माडी चढवायची होती. स्वतःच्या हौसेसाठी नाही. मुलाचं लग्न होऊन वर्ष उलटलं होतं आणि घरात खोल्या म्हणजे पुढची दादाची आणि मागची एक. नवं जोडपं स्वयंपाकघरात भांड्यांच्या फळीखाली झोपायचं. सून तोंडातून चकार शब्द काढत नव्हती, पण मुलगा हल्ली सुट्टीच्या दिवशी नदीपलीकडे भाड्याच्या खोल्या बघून यायचा आणि घरी काही सांगायचा नाही. वर एक खोली झाली की तो राहणार होता. तो गेला तर घर फुटणार. दादाला एका बाजूने उचलायला दुसरं कोण होतं? सफेदीची पाठ आताशा सकाळी सरळ व्हायलाही कुरकुर करायची. माडीच्या परवानगीचा अर्ज ऑफिसातून परत आला होता. नवा नकाशा होईपर्यंत थांबा, असं त्यांचं म्हणणं.

शिंप्याच्या दुकानात गल्लीची बैठक बसली. शिंपी वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त प्रत्येक गोष्टीला टाका घालायची सवय होती.

"रेघ दिसली तर लाल," तो म्हणाला. "रेघच नसली तर?"

सगळ्यांनी सफेदीकडे पाहिलं.

"अरे, असं बघता काय माझ्याकडे?"

"मग कोणाकडे बघू? डाग मुळातून काढतो म्हणून छाती कोण फुगवतं? दाखव की आता."

सफेदीने रात्रभर विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण त्याने तो केला नाही. त्याला त्यात पाप दिसलंच नाही. पाणी एकदा आलं, गेलं. आता ते कशाला परत येतंय? आणि खरं सांगायचं तर त्याच्या हाताला त्या कामाची हावच सुटली. अख्खी गल्ली आजवर त्याला कोणी दिली नव्हती.

पुराचा डाग भलता चिवट असतो. वरून नुसता रंग मारला तर महिन्याभरात पिवळा होऊन पुन्हा वर येतो. सफेदीने एकेका घराची भिंत आधी सोड्याच्या पाण्याने धुतली. मग खरवडायच्या पत्र्याने ती रेघेच्या वर-खाली हातभर खरवडली, थेट विटेपर्यंत. वीटही घासली. वर नवा गिलावा केला, लांबी म्हणजे पुट्टी भरून पॉलिश पेपरने घासून काढली, तेलाचा प्रायमर दिला आणि त्यावर रंगाचे दोन हात. इथवर कोणीही चांगला रंगारी करेल. सफेदीने पुढे जे केलं त्याला अक्कल लागते. नवा रंग नवा दिसला तर मोजणीवाल्यांना वास येणार. म्हणून त्याने प्रत्येक घराच्या रंगात चिमूटभर काळा मिसळून त्याला जुनेपणा दिला. खुंटीखालचा तेलकटपणा, खुर्चीची पाठ घासून झालेली झिलई, हेसुद्धा त्याने परत आणलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्याने त्या गल्लीत केलं, आणि ते चांगलं आहे हे कोणालाही दिसू नये, हीच त्यातली करामत होती.

मोजणीला आली ती एक बाई. डोक्याला टोपी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. बरोबर दोन माणसं, एकाकडे तिपाईवरची दुर्बीण, दुसऱ्याकडे आकडे छापलेली उंच पट्टी. मागच्या गल्लीत तिला भिंतीभिंतीवर रेघ सापडली होती. इथे काहीच नाही. ती घराघरात शिरून भिंतींना हात लावून बघत होती.

"पाणी कुठवर आलं होतं?"

"चपला भिजल्या," शिंपी म्हणाला. पुढच्या घरातही चपलाच भिजल्या होत्या. त्याच्या पुढच्याही. गल्लीत एवढ्या चपला होत्या हे कोणालाच माहीत नव्हतं.

बाई सफेदीच्या घरी आली. सफेदी दारात उभा राहिला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. खोटं काम त्याला जमलं होतं, खोटं बोलणं जमत नव्हतं. बाई खिडकीपाशी गेली.

"आजोबा, तुम्ही तर इथून हलत नाही. त्या दिवशी घरातच असाल. पाणी घरात आलं होतं का?"

दादाने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा जमिनीकडे बघत होता. दादाला गल्लीचा तो उद्योग बिलकूल आवडला नव्हता. आठवडाभर तो सफेदीशी धड बोललाही नव्हता. आता त्याने तोंडभर हसू आणलं.

"पाणी? आमच्या गाडीत नाही चढलं बाई. तिकीट नव्हतं त्याच्याकडे."

"नक्की?"

"आलंच नाही. मी सबंध दिवस इथेच होतो ना! आलं असतं तर सगळ्यात आधी मीच ओरडलो असतो."

बाईने ते तसंच्या तसं उतरवून घेतलं. अंथरुणाला खिळलेला माणूस, दिवसभर त्याच खोलीत. असा साक्षीदार तिला सबंध वस्तीत मिळाला नसेल. ती गेल्यावर सफेदी खाटेपाशी आला.

"दादा..."

"तुझ्या माडीसाठी बोललो," दादा म्हणाला. "आता नीट बांध. आणि पुन्हा असलं काही बोलायला लावू नको मला."

कच्चा नकाशा वॉर्ड ऑफिसात टांगला तेव्हा अख्खी गल्ली बघायला गेली. मागची गल्ली लाल, नाल्याकडची लाल, वखारीमागची पिवळी. मध्ये यांची गल्ली पांढरी, त्या लाल-पिवळ्यात एकटीच. शेजारच्या गल्ल्यांनी आक्षेप घेतले, ते फेटाळले गेले. यांनी कोणी घेतलाच नाही. नकाशावर शिक्का बसला. माडीची परवानगी आली, विटा पडल्या. मुलगा खोल्या बघायला जायचा थांबला आणि सुनेला दिवस गेले. सफेदीच्या घरात त्यानंतर जे सुखाचे दिवस आले तसे आधी कधी आले नव्हते. ते फार नव्हते.

माडीच्या भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे पडले. जिना तेवढा व्हायचा होता. वर जायला सफेदीचीच शिडी लावलेली असायची.

त्या दिवशी सून तपासणीसाठी दवाखान्यात गेली होती, सासू तिच्यासोबत. मुलगा कामावर. सफेदी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सभागृहाचं छत रंगवत होता. पाऊस तीन-चार दिवस लागून राहिला होता, वर धरणाचे दरवाजे उघडले असं लोक बोलत होते. दुपारी सभागृहाचा पहारेकरी धावत आला, "नदीकाठच्या वस्त्या हलवताहेत!" सफेदीने सभागृहाच्या उंच शिडीवरूनच घरी फोन लावला. फोन दादाच्या उजव्या हाताशी असायचा.

"दादा, काय आहे तिकडे?"

"काय असणार? मागच्या गल्लीत भोंग्याची गाडी येऊन गेली. लोक गाठोडी घेऊन निघालेत, एकच कालवा चाललाय."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे नाही आली. आपण पांढरे ना!" दादा हसला. मग जरा थांबून म्हणाला, "काम किती राहिलंय तुझं?"

सफेदीने वर पाहिलं. निम्मं छत ओलं, निम्मं कोरं. छताचं काम मध्येच सोडता येत नाही. ओली कड वाळली की पुढचा हात तिच्यावर चढतो आणि जोड कायमचा दिसतो. हे कुठलाही रंगारी सांगेल.

"थोडंच राहिलंय."

"मग आटपून ये. गाडी आली असती तर गोष्ट वेगळी."

आणि सफेदी थांबला. इथे मला त्याचा राग येतो आणि रडूही येतं. ती गल्ली पांढरी कशी झाली हे साऱ्या शहरात कोणाला माहीत असेल तर ते त्याला. ती रेघ त्याने स्वतःच्या हाताने खरवडून काढली होती. पण नकाशा भिंतीवर लागला होता, त्याच्यावर शिक्का होता, सरकारची गाडी त्याच्याबरहुकूम फिरत होती. इतक्या दिवसांत तो नकाशा त्यालाही खरा वाटायला लागला होता. गाडी आली नाही म्हणजे धोका नाही, असं त्याने मनाशी म्हटलं आणि रोलर रंगात बुडवला. छत सुरेख झालं. कुठेही जोड दिसला नाही.

बाहेर पडला तेव्हा पूल बंद झाला होता. वळसा घालून, भिजत, तो शाळेपर्यंत पोचला. हलवलेली माणसं त्या शाळेत आणून ठेवत होते. मागच्या गल्लीतले सगळे वर्गात बसलेले दिसले. सफेदी प्रत्येक वर्गात डोकावला. आपल्या गल्लीतलं एकही तोंड नाही.

दारातल्या टेबलाशी एक माणूस बसला होता. सफेदीने गल्ली सांगितली.

"तिकडे बोट पाठवा, माझा भाऊ आहे. त्याला उठता येत नाही."

माणसाने समोरचा नकाशा पाहिला, कागद चाळले. "ती गल्ली आमच्याकडे नाहीच. ती पांढऱ्यात येते."

"अहो, पाणी असेल तिथे!"

"काका, आधी लाल, मग पिवळी. बोटी दोनच आहेत. तुमच्याकडे पाणी येतच नाही असं दिसतंय इथे."

सफेदीने टेबलावर हात आपटले, त्या माणसाचे पाय धरले. कोणीतरी त्याला बाजूला नेऊन बसवलं. बोट गल्लीत गेली तेव्हा अंधारून आलं होतं. गल्लीतली माणसं सफेदीच्याच शिडीवरून चढून त्याच्या अर्धवट माडीत दाटीवाटीने बसलेली होती. सगळी वाचली. दादा खाली होता.

शिंप्याने नंतर सांगितलं. बाकीचे पोरंबाळं घेऊन वर गेले होते, तो शेवटपर्यंत खाली थांबला होता. दादाला उचलायचा प्रयत्न त्याने केला, पण एकट्याने ते धूड शिडीवर कसं चढणार? मग तो पाण्यात उभा राहिला आणि दादाचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं.

"धरलं होतं रे मी," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "पाणी माझ्या गळ्याशी आलं, तेव्हा तोच म्हणाला, सोड आता, तू उतर. मी नाही सोडलं. कपाट उलटून अंगावर आलं आणि हात सुटला."

 सफेदी रडला नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय.

पाणी ओसरलं आणि नवी रेघ उठली, माणसाच्या छातीच्याही वर. पुन्हा मोजणी होणार, नकाशा पुन्हा सुधारणार, ही बातमी चिखल निघायच्या आत गल्लीत पोचली. दोघं-तिघं सफेदीकडे येऊन घुटमळली. त्याने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तशी ती परत फिरली. पण एकदा शिकवलेलं काम लोक विसरत नाहीत. त्यांनी आपापल्या भिंती आपणच धुतल्या, आपणच रंगवल्या.

सफेदी दादाचे कागद आणायला इस्पितळात गेला होता. घरी परत आला तर पुढच्या खोलीची भिंत पांढरीशुभ्र. मुलगा रोलर धुत होता.

"हे काय केलंस?"

"बाबा, ऐकून घ्या." मुलाचे डोळे सुजलेले होते. काकावर त्याचा कमी जीव होता असं नाही, त्याच्याच मांडीवर तो वाढला होता. "काका गेले ते काही परत येणार नाहीत. उद्या घरात लेकरू येईल. माडी पाडायला लावली तर आम्ही कुठे जायचं? मी त्यांना सांगणार आहे, पाणी गुडघाभर होतं. काका खाटेवरून पडले."

 दादा बुडाला हेसुद्धा आता कोणी खरं मानणार नव्हतं.

मोजणीला पुन्हा तीच बाई आली. या वेळी गल्लीत चपला भिजल्या नव्हत्या, गुडघे भिजले होते. शिंप्याने मात्र दुकानाचं दार आतून लावून घेतलं. त्याच्या तोंडून ते बोलवेना आणि खरंही सांगवेना. बाई सफेदीच्या घरी पोचली. मागोमाग गल्लीही दारात जमली. मुलाने तोंड उघडलं, एवढ्यात सफेदीची बायको आतून खरवडायचा पत्रा घेऊन आली आणि तिने तो नवऱ्याच्या हातात दिला.

"अहो, सांगा काय ते," ती म्हणाली. "नाहीतर मला या घरात झोप लागणार नाही."

सफेदीने भिंतीला पत्रा लावला. मुलाचा हात कच्चा, त्याने घाईत नुसता रंग फासला होता. तो पापुद्र्यासारखा सुटत गेला आणि खालून रेघ निघाली, रुंद, चिखलाची, खिडकीच्या निम्म्यावर. बाईने माणसाला पट्टी उभी धरायला सांगितली, दुर्बिणीला डोळा लावला, आकडा लिहिला.

"खाट कुठे होती?"

सफेदीने हात करून दाखवलं. बाईने खाटेची जागा पाहिली, रेघ पाहिली.

"मी सगळ्या घरांच्या भिंती पुन्हा तपासते," ती म्हणाली. "तुमची गल्ली आता पिवळी होईल."

"पिवळी? लाल नाही?"

"आता नियम बदललाय. एका पुराची खूण मिळाली तर पिवळी. दोन पुरांची मिळाली तरच लाल."

"आणि गाडी? भोंग्याची?"

"आधी लाल. मग वेळ उरला तर पिवळी."

दारातल्या लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पिवळ्यात माडी राहते. सफेदीला तो श्वास ऐकू आला. तो वळून पुन्हा भिंतीपाशी गेला, खाली वाकला आणि मांडीच्या उंचीवर खरवडू लागला.

"दोन आहेत बाई. मागच्या वेळीही आलं होतं, इथवर. मी पुसलं. सगळ्या गल्लीचं मीच पुसलं. थांबा, दाखवतो."

रंग गेला, लांबी गेली, गिलावा गेला, वीट लागली. रेघ नव्हती. त्याने बाजूला खरवडलं, कोपऱ्यात खरवडलं, दाराच्या मागे खरवडलं. जमिनीवर चुऱ्याचा ढीग झाला. डाग मुळातून निघाला होता. ज्याने काढला त्यालाही तो आता सापडत नव्हता.

"काका, पुरे," बाई म्हणाली.

"मी सांगतोय ना! माझा जबाब घ्या. मी होतो घरात. गादीच्या शिवणीला लागलं होतं पाणी."

बाईने जुने कागद काढले. तिचा आवाज खाली आला. "त्या पुराचा या घरातला जबाब झालेला आहे. तुम्ही त्या वेळी काही बोलला नव्हता. खिडकीतल्या आजोबांनी सांगितलं होतं, पाणी आलंच नाही. दिवसभर तेच खोलीत होते, म्हणून सगळ्या गल्लीसाठी त्यांचाच जबाब धरलाय."

"तो खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला."

"असेल. पण एकाचा जबाब दुसऱ्याला बदलता येत नाही. तो बदलायचा असेल तर ज्याने दिला त्यानेच स्वतः यावं..."

हे रोजचं वाक्य होतं, सवयीने निघून गेलं. पुढचे शब्द तिने गिळले. 

सफेदीने रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. दादाला नेलं त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता सगळ्यांच्या देखत, उघड्या विटांना कपाळ टेकून तो लहान पोरासारखा रडायला लागला. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सून पोटावर हात धरून दारात उभी होती. मुलगा पुढे आला आणि काय करावं ते न कळून बापाशेजारी नुसता उभा राहिला.

बाईने गल्लीपुढे पिवळी खूण केली आणि माणसांना पट्टी उचलायला सांगितलं.